मका, टोमॅटो आणि दत्तूभाऊंची टोळी

आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या तीन पायऱ्या. गिरणीवाले काका गेले, मुलगा पुण्याला आयटीत, शटरला गंज चढलाय. पायऱ्या मात्र अजून आमच्याच आहेत. गंगापूर रोडला आता ओळीने कॅफे झालेत, तिथे दीडशेची कॉफी घेऊन गार हवेत बसता येतं, पण मोठ्याने भांडता येत नाही.

परवाचं भांडण शिऱ्याने आणलं. शिऱ्या कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेव्याला वेळेत लागतात की नाही यावर त्याचं ब्लडप्रेशर ठरतं. भारताच्या ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर तो खूश होता.

"सही झाली की २०२५ च्या जुलैत. आता माल पण जाईल आणि पोरं पण जातील."

"पोरं कुठून जातील?" मनीषा म्हणाली. ती आमच्या वर्गातली, आता सी.ए. संध्याकाळी चालायला निघते आणि निम्म्या फेऱ्या या पायऱ्यांवर बसून पूर्ण करते. "करारातलं माणसांबद्दलचं प्रकरण नीट वाच. तात्पुरतं गेलेल्या माणसाला काही वर्षं तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही, हे एक. आणि वर्षाला १,८०० आचारी, योगशिक्षक आणि गायक-वादक यांना सोय. तुझा पोरगा यातलं काय करतो?"

"तो मोबाइल वाजवतो," सम्या म्हणाला.

दत्तूभाऊ हसले नाहीत. ते निफाड तालुक्यातले, चार एकर द्राक्षं, बाकी कांदा आणि मका. मुलीच्या बारावीसाठी इथे खोली घेतलीय, म्हणून संध्याकाळी आमच्यात. म्हणाले, "ब्रिटन लांब हाये राव. शेजारच्या देशाशी असा करार झाला तर काय होतं ते सांगा. माल मोकळा सुटला तर माणूस घरी थांबतो, का त्यो बी मालामागं निघतो?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. कुलकर्णी सर तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते, आणि चष्मा पुसला म्हणजे तास सुरू हे आमच्या अंगवळणी पडलंय.

"याचा प्रयोग होऊन गेलाय," सर म्हणाले. "नाफ्टा. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार. १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. आणि दत्तूभाऊ, तुमचा प्रश्न तेव्हा जसाच्या तसा विचारला गेला होता. मेक्सिकोचे अध्यक्ष होते सालिनास. त्यांचं अमेरिकेला सांगणं असं की आमचा टोमॅटो घ्या, नाहीतर टोमॅटो तोडणारी माणसं तुमच्याकडे येतील. क्लिंटन सरकारनेही आपल्या लोकांना हेच विकलं. करार झाला की मेक्सिकोत नोकऱ्या वाढतील, लोंढा थांबेल."

"आणि?"

"१९९० साली अमेरिकेत मेक्सिकोत जन्मलेली माणसं होती साधारण ४३ लाख. २००० साली ९२ लाखांच्या आसपास. २००७ ला सव्वा कोटी."

"झालं की मग," दत्तूभाऊ म्हणाले. "मालामागं गेला."

"एवढ्यावर निकाल?" शिऱ्या चवताळला. त्याला करारांबद्दल वाईट बोललेलं चालत नाही, पोट त्यावर आहे. "सर, आधीपासून जात होतेच ना लोक?"

जात होतेच, आणि हे सरांनीच मान्य केलं. १९४२ ते १९६४ अमेरिकेने स्वतः ब्रासेरो नावाची योजना चालवून मेक्सिकन शेतमजूर करारावर बोलावले होते. पंचेचाळीस लाखांहून जास्त करार झाले. योजना बंद झाली, पण वाट पडली ती पडलीच. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाह्वातो या भागांतल्या गावांत आजोबा गेलेले, बाप गेलेला, तर नातू कशाला थांबतोय? मग अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने सत्तावीस लाखांच्या आसपास लोकांना तिथे राहण्याचे कायदेशीर कागद मिळाले, आणि कागद मिळालेला माणूस बायको-पोरांना बोलावतोच. म्हणजे नव्वदीत गर्दी वाढण्याची निम्मी तयारी नाफ्ट्याच्या आधीच झालेली होती.

"मग उरलेली निम्मी?" मनीषा.

"मका," सर म्हणाले.

इथे दत्तूभाऊ वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आले. मका त्यांचा विषय. येवला-मालेगावकडचा मका, कोंबडीखाद्याचे कारखाने, भाव कधी बसतो, कधी उठतो, हे ते तोंडपाठ सांगतात.

मेक्सिकोत मका म्हणजे आपल्याकडे ज्वारी आणि तांदूळ मिळून जे होईल ते. चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, दळायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. (आम्ही गिरणीच्या पायऱ्यांवर बसून हे बोलत होतो हे लक्षात आलं, पण कुणी बोललं नाही. काकांचा विषय निघाला की सगळे गप्प होतात.) लाखो शेतकरी दोन-चार एकरांत पावसाच्या भरवशावर मका घ्यायचे, थोडा घरी, थोडा बाजारात. सरांनी उत्पादनाचे आकडे हेक्टरी टनात सांगितले, तेव्हा दत्तूभाऊंनी हात वर केला.

"एकरी क्विंटलात सांगा."

मनीषाने फोनवर हिशेब केला. अमेरिकेत तेव्हा सरासरी एकरी बत्तीस क्विंटलच्या आसपास. मेक्सिकोत नऊ.

"नऊ?" दत्तूभाऊंना ते लागलंच. "कोरडवाहू असंल."

"कोरडवाहू, डोंगरउतार, स्वतःचं राखलेलं बी. आणि समोर अमेरिकेचा शेतकरी, त्याच्या पाठीशी सरकारी अनुदान."

"मग ही कुस्ती लावलीच कशी?"

आता ही गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, आणि त्या संध्याकाळचा सगळा मुद्दा माझ्या मते इथेच आहे. कुस्ती लगेच लावलेली नव्हती. करारात मक्याला पंधरा वर्षांची मुदत होती. पहिल्या वर्षी अमेरिकेतून २५ लाख टन मका बिनजकातीचा यायचा, हा कोटा दरवर्षी थोडाथोडा वाढायचा. त्यावर एक क्विंटलही आला तर जकात, आणि तीही थोडीथोडकी नाही, सुरुवातीला दोनशे टक्क्यांच्या वर. ती हळूहळू उतरत २००८ साली शून्य व्हायची. म्हणजे शेतकऱ्याला पंधरा वर्षं. पीक बदल, विहीर खण, पोरगं शिकव, नाहीतर जमीन सोडायचीच असेल तर सावकाश सोड.

"हे तर बरं होतं की," शिऱ्या म्हणाला. "बघा, करार शहाणाच होता."

"कागदावर. प्रत्यक्षात कोट्याबाहेरचा मका येत राहिला आणि मेक्सिकोच्या सरकारने ती जकात घेतलीच नाही. अमेरिकेने सांगितलं नव्हतं, करारात नव्हतं. जकात लावायचा हक्क हातात असताना सोडून दिला."

"का?"

सर उत्तर द्यायच्या आत दत्तूभाऊ म्हणाले, "शहरात भाकरी महाग झाली असती."

सर थांबले. "हो. तेच कारण. शहरातली भाववाढ. शिवाय कोंबड्या-डुकरांच्या खाद्यवाल्यांना मका स्वस्त हवा होता."

"मग यात करार कुठून आला?" दत्तूभाऊ आता उभे राहिले होते. "हे आम्हाला कुणी शिकवायला नको. डिसेंबर २०२३. कांदा बाजारात यायला लागला आणि निर्यात बंद. कुठल्या देशाने सांगितलं होतं बंद करा म्हणून? मे महिन्यात उठवली, तर डोक्यावर चाळीस टक्के शुल्क. लासलगावला भाव काय झाला ते शिऱ्याला विचारा, त्याचे कंटेनर अडकले होते. शहरात कांदा रडवतो म्हणून आम्हाला रडवायचं. तिकडं बी तेच झालं म्हणायचं."

उलटसुलट आहे खरं तर. तिकडे आयात मोकळी सोडली, इकडे निर्यात बांधली. पण रस्सी एकाच बाजूने ओढलेली. खाणाऱ्याच्या. मनीषाने हे बोलून दाखवलं आणि वर म्हणाली, "खाणाराही तसा खुळाच ठरला तिकडे. सर, भाकरी स्वस्त झाली का?"

झाली नाही. मक्याचा शेतकऱ्याला मिळणारा खरा भाव पुढच्या दहा-बारा वर्षांत निम्म्याहून खाली आला आणि तॉर्तिया, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, महाग होत गेली. सरकारने तिच्यावरचं अनुदान काढून घेतलं, १९९९ मध्ये धान्यखरेदी करणारी सरकारी यंत्रणाही बंद केली, आणि तयार पिठाचा बाजार दोन-तीन बड्या कंपन्यांच्या हातात. २००७ च्या जानेवारीत तर तॉर्तियाच्या भावावरून मेक्सिको सिटीत मोर्चे निघाले.

"आणि शेतकऱ्याला काहीच नाही?"

"हेक्टरी रोख रक्कम द्यायची योजना होती. हेक्टरी म्हटल्यावर ज्याच्याकडे जास्त हेक्टर त्याला जास्त."

"ते बी ओळखीचं हाये," दत्तूभाऊ बसत म्हणाले.

शिऱ्या एवढ्यावर हार मानणारा नाही. त्याने फोनमध्ये काहीतरी शोधलं होतं, आणि बाजी पलटली असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "सर, मेक्सिकोत मक्याचं उत्पादन नाफ्ट्यानंतर घटलं का वाढलं?"

सर कुरकुरले. "वाढलं."

"वाढलं! नव्वदला दीड कोटी टनांच्या आत होतं, पुढे दोन कोटींवर गेलं. मका मेला म्हणता आणि मका तर वाढतोय!"

हा प्रश्न चांगला होता, आणि कट्ट्यावर सहसा होत नाही ते झालं, सगळे मिनिटभर गप्प. मग सरांनी सिनालोआचं नाव काढलं. वायव्येकडचं राज्य, धरणं, कालवे, सपाट काळी जमीन, ट्रॅक्टर. तिथल्या बागायतदारांनी पांढरा मका लावला, तिथे एकरी उतारा अमेरिकेच्या तोडीचा. त्यांना सरकारी खरेदीचा आणि विक्रीचा आधारही मिळाला. अमेरिकेतून येतो तो बहुतेक पिवळा मका, जनावरांचा. म्हणजे देशाच्या बेरजेत मका वाढला आणि तरी शेतीवर जगणारी माणसं नव्वदीच्या सुरुवातीला ऐंशी लाखांवर होती ती दहा वर्षांत सत्तर लाखांच्या खाली आली.

"देशाची बेरीज भरली आणि माणूस वजा झाला," मनीषा म्हणाली. सी.ए. लोकांना अशी वाक्यं सुचतात, त्याला आपण काय करणार.

"बरं, मग पेसोचं काय?" शिऱ्या. "डिसेंबर ९४. करार होऊन वर्ष नाही झालं आणि पेसो कोसळला. काही महिन्यांत डॉलरच्या हिशेबात निम्मा. ९५ साली अर्थव्यवस्था सहा टक्क्यांनी आकसली. क्लिंटनने वीस अब्ज डॉलरची हमी दिली तेव्हा सावरले. त्या वर्षी जो उठला आणि उत्तरेला निघाला तो मक्यामुळे निघाला का पेसोमुळे, हे तुम्ही कसं ठरवणार?"

"नाही ठरवता येत," सर म्हणाले. शिऱ्याला वाटलं जिंकलो. सर पुढे म्हणाले, "पण ज्याच्याकडे मक्याचा भाव बरा आहे त्याला पेसोचा धक्का गावात बसून सोसता येतो. दोन्ही एकदम आले, ते निघाले."

सम्या इतका वेळ गप्प होता. सम्या कॅलिफोर्नियात सहा वर्षं सॉफ्टवेअर करून परत आला. का आला ते विचारलं की दर वेळी वेगळं कारण सांगतो. तो म्हणाला, "मी त्यांना बघितलंय. द्राक्षाच्या बागेत."

दत्तूभाऊ पुन्हा सावध.

झालं असं की सम्या आणि त्याचे मित्र योसेमिटीला निघाले होते, वाटेत माडेरा नावाचं गाव लागतं. फ्रेझ्नोच्या शेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल द्राक्षं. पाण्यासाठी थांबले तर बागेचा मालक निघाला सरदारजी. त्या पट्ट्यात पंजाबी बागाईतदार पुष्कळ, काही तर तीन पिढ्यांपासून. त्याने सगळ्यांना आत बोलावलं. ऑगस्टचा शेवट, बेदाण्याचा हंगाम. घड कापायचे आणि दोन ओळींच्या मधल्या मातीवर कागद अंथरून त्यावरच वाळत टाकायचे.

"जमिनीवर?" दत्तूभाऊ. "रॅकवर नाही? धूळ बसंल ना."

"बसते. नंतर कारखान्यात धुतात. दत्तूभाऊ, ऐका ना."

ओणवं होऊन घड कापणारी ती माणसं मेक्सिकन म्हणून सम्याने आपलं शाळेतलं स्पॅनिश चालवलं. समोरच्याला कळेना. सरदारजी हसला, म्हणाला, इनको स्पॅनिश भी कम आती है. ते मिश्तेक लोक होते, दक्षिणेतल्या ओआहाका राज्यातले आदिवासी. त्यांची भाषाच निराळी. त्यातला एक वयस्कर माणूस आधी गावात मका करायचा. मग सिनालोआत टोमॅटो तोडायला गेला, दोन-तीन हंगाम. मग बाहा कॅलिफोर्नियात सान किन्तीन नावाच्या पट्ट्यात, तिथेही टोमॅटो. आणि तिथून पुढे सरकत माडेरा.

"म्हणजे सालिनासचा टोमॅटो गेला अमेरिकेला," सम्या म्हणाला, "पण तो तोडायला मेक्सिकोतच हजार-दीड हजार मैल चालवत नेलेली माणसं होती. तिथवर पोचल्यावर सरहद्द हाकेवर. मजुरी पलीकडे कितीतरी पट. ज्या टोमॅटोने माणूस घरी ठेवायचा होता त्यानेच त्याला सरहद्दीपाशी आणून सोडला."

मला हे सगळ्यात पटलं, कारण आकड्यांत हे दिसत नाही. ओआहाकाच्या डोंगरातला माणूस एकदम परदेशी जात नाही. आधी स्वतःच्याच देशात उचल घेऊन परक्या रानात राबायला शिकतो. एकदा घर सुटलं की दुसरं सुटणं सोपं.

"तुमच्या टोळीसारखंच की, दत्तूभाऊ," मनीषा हळूच म्हणाली.

यावर जरा ताण आला. दत्तूभाऊंच्या बागेत छाटणीला, विरळणीला सुरगाणा-पेठकडची टोळी येते. एकरी ठेका, मुकादमाकडे उचल आधीच दिलेली. भाताची लावणी झाली की येतात, शेडमध्ये राहतात.

"मी काय त्यांचा मका पाडला का?" दत्तूभाऊ म्हणाले. "त्यांच्याकडं पाणी नाय. पाऊस कोकणासारखा पडतो आणि जानेवारीत हंडा घेऊन डोंगर उतरतात. मी काम देतो."

"सिनालोआतले बागाईतदारही हेच म्हणत असतील."

"म्हणू द्या. खोटं थोडंच हाये."

खोटं नाहीच. मनीषाने विषय वाढवला नाही, त्यांनीही नाही.

सरांनी मधला ताण ओळखून भिंतीचा विषय काढला. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की ही भिंत ट्रम्पच्या फार आधीची आहे, आणि सीमेवरचा कडक पहारा आणि नाफ्टा साधारण एकाच वेळचे. १९९३ च्या सप्टेंबरात एल पासोला सीमेवर गस्तीच्या गाड्यांची साखळी उभी केली, १९९४ च्या १ ऑक्टोबरला सान डिएगोत 'ऑपरेशन गेटकीपर'. ज्या सरकारने जानेवारीत मालासाठी दरवाजा उघडला त्यानेच ऑक्टोबरात माणसांसाठी दरवान बसवला, तोही नावातच दरवान. सीमेवरचे शिपाई तेव्हा चार हजारांच्या आसपास होते, २०१० पर्यंत वीस हजारांवर गेले.

"मग थांबले का?" शिऱ्या.

"परत जायचे थांबले," सर म्हणाले.

म्हणजे असं. आधी माणूस हंगामाला जायचा आणि नाताळात घरी यायचा. पुन्हा हंगामाला जायचा. येणंजाणं चालू, कुटुंब गावातच. शहराजवळची वाट बंद झाल्यावर रस्ता ॲरिझोनाच्या वाळवंटातून. त्यात हजारोंनी माणसं मेली. वाट दाखवणाऱ्या दलालाला, त्याला तिकडे 'कोयोते' म्हणतात, द्यायचे पैसे अनेक पटींनी वाढले. एवढं करून पलीकडे पोचलेला माणूस आईच्या दहाव्यालाही परत येईना. आला तर पुन्हा तेच सगळं. त्यापेक्षा बायकोलाच बोलावून घेतो. डग्लस मॅसी नावाचे समाजशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच मोजत आले आहेत. हंगामी मजूर कायमचा रहिवासी झाला तो पहाऱ्यामुळे.

"आमच्या टोळीला वाटेतल्या घाटात कुणी अडवायला लागलं," दत्तूभाऊ म्हणाले, "तर ते येतील एकदा आणि निफाडातच झोपडी घालतील. कशाला परत जातील?"

"आणि साहेबलोकांचं काय?" मनीषाने सम्याकडे बघितलं. "तुम्हाला तर विमानतळावर हार घालत असतील."

इथे सम्याला आपलं ज्ञान पाजळता आलं. नाफ्ट्यात माणसांसाठी काहीच नव्हतं असं नाही, एक दार होतं. टीएन व्हिसा. इंजिनिअर, हिशेबनीस, शास्त्रज्ञ अशा ठरावीक व्यवसायांची यादी, पदवी दाखवा आणि या. कॅनडावाल्यांना संख्येची अट नाही. मेक्सिकोला पहिली दहा वर्षं, २००४ उजाडेपर्यंत, वर्षाला फक्त ५,५००.

"साडेपाच हजार," मनीषा म्हणाली. "आणि टोमॅटोवाल्यांना?"

"शेतमजुरांचा व्हिसा करारात नव्हताच. तो अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यात होता, एच-टू-ए. मालक तो वापरायचेच नाहीत फारसा. बिनकागदाचा माणूस दारात उभा असताना कागद कोण करेल?"

इतक्यात समोरच्या सोसायटीचा वॉचमन चहाचा थर्मास घेऊन आला. सगळे त्याला बहादूर म्हणतात. त्याचं नाव लोकेंद्र आहे आणि ते त्याने आम्हाला तीनदा तरी सांगितलंय. नेपाळच्या पश्चिम टोकाचा, अछाम जिल्ह्यातला. शिऱ्याला वाटलं जिवंत पुरावाच चालत आला. नेपाळ आणि भारत, १९५० चा करार, सीमा उघडी, ना पासपोर्ट ना व्हिसा. व्यापाराचाही करार, शेतमालावर एकमेकांची जकात नाही.

"लोकेंद्र, तुम्हारे गांव में चावल कहां का खाते हैं?"

"इंडिया का, साब. सस्ता पडता है." २०२३ च्या जुलैत भारताने तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा गावाकडे भाव कसे चढले तेही त्याने सांगितलं. भावाचा फोन आला होता म्हणे.

"आणि तुमच्या शेतात?"

"मां करती है थोडा. बाकी बंजर."

"घ्या!" शिऱ्या ओरडला. तो कुठल्या बाजूने होता हे तोवर त्यालाही आठवत नसावं. "इंडियाचा तांदूळ आला, हा इंडियात आला!"

लोकेंद्रने मान हलवली. "नहीं साब. मैं तो बहन की शादी के कर्जे में आया था. मेरे पिताजी भी बंबई में थे. उनके पिताजी भी." आणि पुढे म्हणाला की गावातल्या ज्यांच्याकडे जरा पैसे आहेत ते कतारला किंवा मलेशियाला जातात, तिथे एजंटला आधी पैसे मोजावे लागतात. इंडियात यायला बसचं तिकीट पुरतं.

शिऱ्याचा पुरावा असा चहा ओतून निघून गेला. पण मला वाटतं तो जाताना मॅसीचं म्हणणं सिद्ध करून गेला. लोकेंद्र दर दीड-दोन वर्षांनी गावी जातो. लावणीला भाऊ इथे त्याच्या जागी उभा राहतो. बायको-पोरं अछामला. सीमा उघडी आहे, म्हणून तो कायमचा इथला झालेला नाही.

"युरोपने नीट केलं," सर म्हणाले. अंधार पडत होता आणि सरांना उरलेलं पटापट सांगून टाकायचं होतं. स्पेन-पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपच्या बाजारात आले तेव्हा फ्रान्सला धास्ती होती की लोंढे येतील. माणसांची मोकळीक सात वर्षं राखून ठेवली, वर गरीब भागांसाठी रस्ते-धरणं-शाळांना भरपूर पैसा दिला. लोंढा आला नाही, मुदत वर्षभर आधीच संपवली. पोलंडच्या वेळी, २००४ मध्ये, ब्रिटनने ताबडतोब दार उघडलं. अंदाज होता वर्षाला फार तर तेरा हजारांचा, आले लाखांनी. जर्मनीने सात वर्षं वाट पाहिली. "मेक्सिकोला तसा पैसा कुणी दिला नाही. व्यापार करा आणि आपोआप श्रीमंत व्हा."

"पण सर, शेवटी थांबलेच ना लोक?" शिऱ्याने राखून ठेवलेला पत्ता टाकला. "२००५ ते १० मध्ये जितके गेले तितकेच परत आले. नंतर तर परतणारे जास्त. म्हणजे सालिनास बरोबर होता. वीस वर्षं उशीर झाला एवढंच."

हे सर नाकारत नाहीत. उलट १९९० मध्येच अमेरिकेच्या एका सरकारी आयोगाने लिहून ठेवलं होतं की व्यापार आणि विकास हाच लांबचा उपाय, पण आधी बराच काळ स्थलांतर वाढेल. पुढे फिलिप मार्टिन या अर्थतज्ज्ञांनी त्याचा आलेख काढला, वर जाऊन खाली येणारा. सर त्याला 'बैलाचं वशिंड' म्हणतात. जू बसतं ते वशिंडापाशीच, असंही म्हणाले, पण तो विनोद होता की काय ते कळलं नाही.

मनीषाला हा हिशेब मान्य नव्हता. "२००८ ला अमेरिकेत घरबांधणी बसली, काम गेलं. आणि मेक्सिकोत १९७० च्या सुमाराला बाईला सरासरी सहा-सात मुलं होत होती, २०१० ला दोनच्या थोडी वर. जायला पोरगेच उरले नाहीत. त्याचं श्रेय नाफ्ट्याला कसं देतोस? ते मेक्सिकोतल्या बायकांना दे."

"कारखाने आले ना पण! गाड्यांचे, टीव्हीचे."

"आले, सीमेलगत आणि मधल्या पट्ट्यात. २००१ ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा त्यातलेही काही उठून तिकडे गेले. ओआहाकात किती आले?"

शिऱ्याने उत्तर दिलं नाही. सम्या म्हणाला की आता त्या बागांना माणसंच मिळत नाहीत, म्हणून तोच एच-टू-ए आता वर्षाला तीन लाखांच्या आसपास निघतो, बहुतेक मेक्सिकनांनाच. राहायला जागा मालकाची, प्रवास मालकाचा, मजुरीचा किमान दर सरकार ठरवतं. ब्रासेरोच परत आला, नाव बदलून. पहिल्यांदाच हे सगळं करायला काय हरकत होती, असं मनीषाने विचारलं, आणि सरांनी चष्मा खिशात घातला.

दत्तूभाऊंचा फोन वाजला. मुकादमाचा होता. ते उठून गिरणीच्या शटरपाशी गेले, बराच वेळ 'हा... हा...' एवढंच ऐकू येत होतं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती.

परत आले तेव्हा शिऱ्याने विचारलं, "काय म्हणतोय?"

"निम्मी टोळी येत नाय या वर्षी. पोरं वापीला गेली. कंपनीत."

"आणि उचल?"

"उचल दिलेले येतील. बाकीचे म्हणतात एकरी दर वाढवा, मग बघू."

"वाढवणार?"

दत्तूभाऊंनी उरलेला चहा पायरीवर ओतला. "वाढवावा लागंल. छाटणी काय मी एकटा करतो का?"